हाशिमची हातोडी

खेडच्या बाजारात मडकं घ्यायचं तर हाशिम परकारला सोबत न्यावं, असं त्याच्या मोहल्ल्यात म्हणत. हाशिम मडक्यावर टिचकी मारी, कान जवळ नेई आणि हे घ्या, ते ठेवा, असा निकाल देई. कुंभार त्याला लांबून बघूनच कपाळाला आठ्या घालायचे.

धंद्यानं तो गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा. तरुणपणी मस्कतच्या गॅरेजात राबला आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आला, रंग जुळवायची नजर आणि एक लहानशी हातोडी. अख्खी गाडी ज्या लोखंडी सांगाड्यावर उभी असते त्या चेसीला ही हातोडी मारत जायचं. चांगलं लोखंड ठणठणतं, आतून गंजलेलं भद्द वाजतं. हातोडीपुढे लबाडी चालत नाही, असं हाशिम येईल त्याला ऐकवी. त्यात तो थोडा नाकानं कांदे सोलायचा हेही खरं.

तर त्या शनिवारी सकाळी त्यानं बाजारातून वाजवून मडकं आणलं. त्याच्या बायकोनं, नसीमानं, ते हातात घेतलं, बोटानं ठोकलं आणि सवयीनं त्याच्या समोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "ह्या मडका फुटका हाय."

"तुला काय कळतंय? मी वाजवून घेतलाय."

नसीमा वाद घालणारी बाई नव्हे. तिनं मडकं भरून तिवईवर ठेवलं. चहा होईपर्यंत पाण्याची धार उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

हाशिमनं मडकं रिकामं केलं आणि टिचकी मारली. मग गेल्या उन्हाळ्याचं जुनं, चांगलं मडकं शेजारी ठेवून त्यावर मारली. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दोन्ही सारखीच वाजली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मडक्याचं काय, दुसरं आणता आलं असतं. त्याला आठवली ती ऋत्विकची गाडी.

ऋत्विक केळशीचा. वडील जहाजावर होते, त्यांनी हौसेनं घेतलेली दोन माणसांची जुनी लाल स्पोर्ट्स कार त्यांच्यामागे आगरातल्या मांगरात, सामान ठेवायच्या छपराखाली, उभी होती. समुद्राचा वारा तिला आतून खात होता. ऋत्विकनं ती हाशिमकडे आणली तेव्हा एकच हट्ट धरला. चेसीवरचा बाबांच्या वेळचा करडा रंग जिथं शाबूत आहे तिथं तो राहू द्यायचा, आणि नवीन रंग त्यात असा मिसळायचा की सांधा दिसता कामा नये. हाशिमनं गाडीची वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली, गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, अॅसिड लावून मारला, प्रायमर चढवला. एका पट्टीखाली ऊन-वारा न लागलेला मूळ रंग सापडला, तो समोर धरून थेंबाथेंबानं करडा जुळवला. कामाला नजर लागावी असं झालं होतं. आणि हे सगळं करण्याआधी, रिवाजाप्रमाणे, त्यानं अख्खी चेसी हातोडीनं वाजवून घेतली होती. ठीक आहे, असं तोच म्हणाला होता.

उद्या रविवारी ऋत्विक बायकोला, मृणालीला, त्या गाडीतून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला नेणार होता.

हाशिमनं फोन लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला. 

"स्कूटर काढा," नसीमा म्हणाली. "मी पण येते."

दापोली मागे पडली. घाटातलं एकेक वळण त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं आणि प्रत्येक वळणावर ती लाल गाडी कठड्यावरून खाली जात होती. अल्लाची करुणा भाकावी तर शब्द सुचत नव्हते. 

केळशीत पोचले तर मांगर रिकामा. मृणाली ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "ऋत्विक होय? उटंबरच्या चढावर एक फेरा मारून येतो म्हणून गेलाय. बसा ना चाचा."

हाशिमला बसवेना. उभं राहवेना. मृणालीनं पाणी दिलं, ते त्यानं तसंच धरून ठेवलं. मग एकदम नसीमानं रस्त्याकडे मान वळवली, मृणालीही उठली. हाशिमला काहीच ऐकू आलं नव्हतं. गाडी फाटकातून आत येताना दिसली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती येतेय. त्याला आणखीच भीती वाटली.

"चाचा, काय पळते!" ऋत्विक हसत उतरला.

"चेसी परत बघायचीय."

"का? तुम्हीच तर पास केलीत."

 "माजे कान गेले, बाबा. तेव्हाच गेले असतील. मला कळला नाय."

ऋत्विकचं हसू मावळलं. त्यानं फळ्या आणि चिरे रचले, गाडी त्यावर चढवली आणि चाकांना दगड लावले. हाशिम खाली सरपटला. आपण जुना रंग कुठं ठेवला आणि नवा कुठं मारला, हे त्याचं त्यालाच सापडेना. एवढा सुरेख करडा. ज्या कामाची ऐट मिरवली त्यानंच सगळं झाकून टाकलं होतं.

तो बाहेर आला आणि त्यानं हातोडी नसीमापुढे धरली. आजवर ती त्यानं कुणाला हात लावू दिली नव्हती.

नसीमा गोणपाटावर आडवी झाली. हाशिम शेजारी पालथा पडून तिचा चेहरा बघत राहिला. ती ठोकी, पुढे सरके, ठोकी. त्याला नुसता हात हललेला दिसे. पुढचा भाग झाला, मधला झाला. मागच्या उजव्या चाकाशी, जिथं चाकाचा दांडा चेसीला बोल्टनं धरलेला असतो, तिथं तिचा हात थांबला. तिनं पुन्हा ठोकलं. कपाळाला आठी पडली.

"हय." तिनं तिथंच बोट टेकवलं.

हाशिमनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला. तुकतुकीत करडा रंग अंड्याच्या कवचासारखा आत गेला, त्यापाठोपाठ पातं मुठीपर्यंत गेलं आणि त्याच्या तोंडावर लाल भुगा सांडला.

ऋत्विक वाकून ते भोक बघत होता. थोड्या वेळानं तो तिथंच मातीत बसला आणि मृणालीचा हात धरून राहिला.  त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं हाशिमला वाटलं.

परत निघताना हाशिमनं स्कूटर चालू केली नाही. "तुला कधीपासून ठाऊक?"

"मी रोज तुमाला अजान झाली बोलते," नसीमा त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "ती कशाला? तुमाला वाईट वाटल म्हणून नाय बोलले."

हाशिम रोजची अजान आठवत बसला. कधीपासून ती फक्त नसीमाच्या तोंडून ऐकतोय, हे त्याला सांगता येईना. पावसाळा होऊन गेला होता मध्ये, बहुतेक दोन. तेवढ्या काळात गॅरेजातून किती चेसी ठोकून, रंगवून, ठीक आहे म्हणून बाहेर पडल्या होत्या. त्यातली एक मंडणगडच्या नितेशची जीप. ती सोमवार ते शनिवार शाळेची पोरं भरून डोंगर चढायची.

त्यानं फोन काढून नितेशचा नंबर लावला. कानाला धरला. पलीकडे कुणी बोलतंय की नाही ते त्याला कळेना. मग त्यानं फोन नसीमाच्या हातात दिला.

"त्याला सांग," तो म्हणाला, "सोमवारी पोरांना बसवू नको."