बुटकीची उंची वाढवायची का?

वहिनी गेल्या त्या सकाळी मी मंठ्याला मळणीयंत्राचा पट्टा आणायला गेलो होतो. दुकानदार पट्टा मोजत होता, तेवढ्यात दादाचा फोन. "अरे, हिला कसं तरी होऊन राह्यलं... तू जल्दी ये." पट्टा तिथंच टाकून निघालो. गावात शिरलो तर आमच्या दारात चपलाच चपला. मग कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता. आदल्या संध्याकाळी वहिनींनी मला, दुसऱ्यांदा भाकरी मागितली म्हणून, "भावजी, ट्रॅक्टर तुम्ही ओढता का तो तुम्हाला ओढतो?" असं विचारलं होतं. हसत होत्या. अशी माणसं जातात हे आता या वयात मला माहीत आहे. रडलो, सावरलो. पण त्यानंतर जे झालं ते मात्र मला अजून उमगलेलं नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

तेरावं उरकलं आणि तीर्थपुरीच्या सलीम मिस्त्रीचा फोन आला. आमची ट्रॉली, म्हणजे बुटकी, त्यानंच बनवलेली. आधी तो वहिनींबद्दल हळहळला, मग जरा अडखळत म्हणाला, "भाऊ, ट्रॉली कवा आणता? चाकं येऊन पडलेत." मी म्हटलं, कसली चाकं? "मोठी. वहिनीसाब सांगून गेल्त्या ना, बुटकी उंच करायची म्हणून... तुम्हाला बोलल्या न्हाई का?"

नाही. मला बोलल्या नाहीत. दादालाही नाही. आणि या बाईनं बुटकी उंच करायला सांगितली यावर मी आजही विश्वास ठेवू शकत नाही, कारण ती बुटकी राहावी म्हणून त्या माझ्याशी जन्मभर भांडल्या.

आमच्याकडच्या ट्रॉल्या उंच असतात. मोठी चाकं, त्यावर चेसी, त्यावर पत्रा, वर बाजूंना उभे फाळके. शेतातून कापूस भरायचा तर बायांनी डोक्यावरचं गाठोडं दोन्ही हातांनी वर फेकायचं आणि ट्रॉलीत उभ्या असलेल्या गड्यानं ते ओढून घ्यायचं. नीट नाही गेलं तर गाठोडं परत अंगावर येतं. सगळीकडं असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. आम्ही ट्रॅक्टर घेतला आणि सलीमकडं ट्रॉली सांगायला निघालो, तेव्हा वहिनीही पदर खोचून जीपमध्ये बसल्या. शेडमध्ये अर्धवट झालेली कुणाची तरी ट्रॉली उभी होती. वहिनी तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, तिची उंची बघितली आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "मिस्त्री, आमची इथपर्यंत पाह्यजे." सलीम हसला. "वहिनीसाब, ट्रॉली बनवायची का पाळणा?" त्या म्हणाल्या, "पाळणा समजा, पण बनवा. बाईच्या डोक्यावरचं ओझं बाईला वाकून ठिवता आलं पाह्यजे. फेकायचं कशाला? कापूस हाय, दगड न्हाई." दादा गप्प. दादा लग्न झाल्यापासूनच गप्प. सलीमनं जालन्याहून पत्रा आणि अँगल आणला, जुन्या जीपची चाकं लावली आणि एक ठेंगणी, रुंद, बसक्या म्हशीसारखी ट्रॉली आमच्या दारात आली.

बुटकी हे नाव मीच ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं, पण वहिनींनी ते इतक्या सहज उचललं की माझी चेष्टा वाया गेली. गाव मात्र हसलं. ओढ्यात तिचं पोट घासायचं. पावसानंतरच्या काळ्या रानात ती जी बसायची ती बसायचीच. मग मी चिखलानं भरलेला घरी येऊन ओसरीतूनच ओरडायचो, "तुमच्या बुटकीनं आज पुन्हा बसकण मारली!" आतून उत्तर तयार, "मंग कमी भरा की जरा. लोभ तुमचा आन् नाव तिचं." मी म्हणायचो, चाकं बदलू. त्या म्हणायच्या, आधी मला बदला. असं किती वर्षं चाललं. शेवटी शेवटी भांडणाची आम्हाला सवयच झाली होती, चहासारखी. हसणारे लोक मोसंबीच्या तोडीला मात्र गुपचूप बुटकी मागायला यायचे, कारण कॅरेट उचलून ठेवायला तिच्यासारखी ट्रॉली नाही. रामनवमीला जांबच्या जत्रेला जायचं तर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या आमच्याच दारात. उंच ट्रॉलीत त्यांना पोत्यासारखं चढवावं लागे, आणि बुटकीत त्या आपापल्या टेकायच्या, पाय वर घ्यायच्या, झालं. वहिनी त्यांच्यात बसून माझ्याकडं असं बघायच्या की मी ट्रॅक्टर सुरू करून तोंड पुढं वळवायचो.

आणि आता हे. का सांगितलं असेल त्यांनी? माझ्या कटकटीला कंटाळल्या असतील? पण कंटाळणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, मी होतो. गेल्या हंगामात त्यांना दम लागायचा, रानात येणं बंद झालं होतं. आपण नाही तर कशाला, असं वाटलं असेल? तेही पटत नाही. ट्रॉली त्यांनी स्वतःपुरती कधी बनवलीच नव्हती. की मला खूश करायचं होतं? तसं असेल तर मला रागच येतो. हरायचंच होतं तर समोर हरायचं, मला जिंकल्याचं सुख तरी मिळालं असतं... हे लिहिताना कळतंय की मी एका गेलेल्या बाईशी भांडतोय. पण दुसरं कसं बोलायचं त्यांच्याशी, मला येत नाही.

दादाला विचारलं. तो बाजेवर बसून होता. नजर अंगणातल्या ट्रॉलीवर. "मला काय इचारतो? भांडण तुमचं दोघाचं होतं," म्हणाला. आमच्याकडं वर्षानुवर्षं वेचायला येणाऱ्या रुखमाबाईला विचारलं, तर ती पहिल्यांदा रडली, मग म्हणाली, "उंच केली तरी येऊ आम्ही, मालक. पर बाई असं सांगतील, हे मला खरं वाटत न्हाई." मलाही वाटत नाही. पण सलीम खोटं कशाला बोलेल? आणि मेलेल्या माणसाचं शेवटचं सांगणं मोडायचं कसं? ते ऐकायचं तर त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं मोडावं लागतं. कुठल्या वहिनींचं ऐकू?

दसऱ्याच्या आधी एक दिवस बुटकी जोडून तीर्थपुरीला नेली. म्हटलं, होऊन जाऊ दे. सलीमनं जॅक लावला, खडूनं चेसीवर खुणा केल्या. पुन्हा एकदा मी त्याला विचारलं, वहिनी नेमकं काय म्हणाल्या? तो म्हणाला, "काय न्हाई. आल्या, चहा घेतला, ट्रॉली उंच करा म्हणल्या आन् गेल्या. मी बी इचारलं, का म्हणून. नुसत्या हसल्या." मग त्यानं कापायचं मशीन चालू केलं, डोळ्यांवर काळा चष्मा ओढला. "भाऊ, पक्कं ना? एकदा कापलं की झालं. करू का?"

आणि मी अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणालो, "थांब जरा, वहिनींना विचारून सांगतो."

सलीमचा हात तसाच राहिला. मी खिशातून काढलेला फोन हातात घेऊन उभा होतो... मग त्यानं चष्मा वर केला, मशीन बंद केलं आणि फडक्यानं खडूच्या खुणा पुसून टाकल्या.

नवी चाकं मी घेऊन आलो, कारण ती त्यांनीच मागवली होती. भरायला दोघंच होतो, सलीम आणि मी. उंच ट्रॉली असती तर आणखी माणसं बोलवावी लागली असती. बुटकीत आम्ही ती वाकून, नुसती लोटली. आता ती चाकं तिच्यातच पडून आहेत. कापूस फुटलाय, परवा रुखमाबाई बाया घेऊन येतेय, आणि कापूस भरायचा तर चाकं खाली उतरवावीच लागतील. उतरवून ती कुठं ठेवायची, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही.