वावशी

आमच्या नातीने शाळेच्या पहिल्या दिवशी तोंडाला मास्क लावला तेव्हा मला हसू आवरेना. मळणीच्या वेळी बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून त्याला जाळीचं मुसकं घालतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणालो, "चला, टिल्लीला मुसकं घातलं. आता खडू खायची सोय राहिली नाही."

सूनबाई म्हणाली, "बाबा, शाळेत जाऊन असलं काही बोलू नका हं."

शाळेत जाऊन मी पहिल्यांदा तेच बोललो. दारात मुलांना आत घ्यायला उभ्या असलेल्या मावशीशी. ती हसली. म्हणजे डोळे हसले. त्याखाली काय चाललंय ते त्या काळात कुणाचंच कुणाला दिसत नव्हतं.

ही मावशी मला जुनी माहीत. थोरल्या नातवाला सोडायला यायचो तेव्हा ती मागच्या बाजूला, मुतारीच्या बोळात, फरशी पुसत असायची. तिचं तोंड डावीकडून खाली ओघळलेलं. वळचणीचा पत्रा एका बाजूने सुटावा तसं. मोठी पोरं तिला पाहिली की आपापली तोंडं वाकडी करून दाखवायची. ती बादली उचलून आडोशाला जायची.

जन्माची तशी नव्हे बरं का. आधी ती कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे कापड उलगडून दाखवायची. बोलायला अशी की रुमाल घ्यायला आलेला माणूस पडद्यांचं कापड घेऊन जायचा आणि घरी जाऊन बायकोच्या शिव्या खायचा. एका सकाळी चूळ भरताना पाणी आपोआप डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात बघते तर अर्धं तोंड झोपलेलं. डॉक्टर म्हणाले, नस गेली, पुष्कळांची येते परत. हिची आली नाही. मालकाने आधी आत गोदामात बसवलं, मग घरी. नवरा एक अक्षर बोलला नाही. फक्त जेवताना तो तिच्या डावीकडे बसायचा, तो उजवीकडे बसायला लागला.

"आजोबा," ती मला एकदा म्हणाली होती, "चार शब्द बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. जागा बदलली, त्याला काय उत्तर देणार?"

शाळेत लागली ती लहान मुलांना सांभाळायला म्हणून. पहिल्याच आठवड्यात एक पोर तिला पाहून किंचाळलं, त्याची आई तक्रार घेऊन आली, आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोळ दिला. मुलांच्या तोंडासमोर नको, म्हणाल्या. तोंडासमोर! शब्द बघा कसे नेमके सुचतात माणसाला.

मग तो आजार आला. माणसं गेली. शाळा बंद झाली आणि उघडली तेव्हा बालवर्गाच्या जुन्या बाई उरल्या नव्हत्या. नव्या बाई आल्या त्या भिंतीला पाठ लावून, तोंडावर पट्टी आणि वर प्लास्टिकचा पडदा घेऊन शिकवायच्या. मुलांच्या जवळ जायची त्यांची छाती होईना. त्यांची आई घरी दम्याने आजारी, त्यांना तरी काय बोलणार. पण पोरांना कुणीतरी जवळ घ्यायलाच हवं होतं. मोठ्या बाईंनी बोळातून मावशीला बोलावलं. आता तिचं तोंड आणि इतरांचं तोंड यात काही फरक राहिला नव्हता.

तुम्हाला सांगतो, ती पोरं तिने माणसाळवली. पहिल्या दिवशी नुसता कालवा. रडून रडून पट्ट्या शेंबडाने थबथबलेल्या. एकाने पट्टी डोळ्यांवर ओढून घेतलेली आणि "अंधार झाला" म्हणून गळा काढलेला. एकीने बाहुलीला घातलेली, एकाने गुडघ्याला. दोघांनी आपापसांत अदलाबदल केली, तुझा वाघ मला, माझं फूल तुला. वाघवाल्याच्या आईने संध्याकाळी शाळा डोक्यावर घेतली.

मावशीने आधी कान सोडवले. रबराने कान दुखतात म्हणून पोरं ओढतात, हे तिला कळलं. केसांच्या पट्ट्याला दोन बटणं शिवली आणि रबर त्यात अडकवलं. मग खेळ काढले. पट्टीच्या आत फुगा फुगवायचा. डोळ्यांनी हसायचं, डोळ्यांनी रुसायचं, आणि समोरच्याने ओळखायचं. टिल्ली घरी येऊन माझ्यापुढे डोळे वटारून बसायची. "ओळख आजोबा, मी काय करतेय?"

"रागावलीस."

"छे! मी गातेय."

डबा खाताना पट्टी काढायची मुभा, पण एकेकाने भिंतीकडे तोंड करून. त्यामुळे पोरांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिलीच नाहीत. मावशी तिथे खायची नाही. टिल्लीने एकदा घरी चित्र काढलं: मी, सूनबाई, मुलगा, सगळे बत्तीस दात काढून हसतोय, आणि शेजारी शाळा, तिथल्या सगळ्या माणसांना नाकाखाली एक निळा चौकोन. मला विचारते कशी, "आजोबा, मोठ्या बाईंना आतमध्ये दात असतात का रे?" म्हटलं, "असतात, आणि खायचे वेगळे, दाखवायचे वेगळे." एका पोराचा दुधाचा दात वर्गात पडला. सगळा वर्ग रांगत फरशी धुंडाळतोय आणि दात पट्टीतच! मावशीने सांगितलं तेव्हा मी शाळेच्या फाटकाला धरून हसलो.

तिला पोरं वावशी म्हणायची. टिल्लीही वावशी म्हणे, तिचं ऐकून मीही म्हणायला लागलो. आम्हाला वाटलं बोबडे बोल. कुणीतरी एकाने म्हटलं असेल आणि पडलं नाव.

आता हे कसं, ते सांगतो. आमच्या खेड्यातल्या शाळेचे गुरुजी आम्हाला तोंडासमोर तळहात धरायला लावायचे. प म्हटला की हातावर फुंकरीचा फटका बसला पाहिजे. "प, फ, ब, भ, म. ओठाला ओठ भेटल्याशिवाय ही अक्षरं घराबाहेर पडत नाहीत," असं म्हणून ते स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवायचे. आणि आम्ही पोरं टकामका त्यांच्या तोंडाकडे बघायचो. वावशीचे ओठ डावीकडे भेटतच नव्हते. वारा निसटायचा. पाणीचं फाणी व्हायचं, बाळचं वाळ, आणि मावशीची वावशी. तिचं आणि टिल्लीचंही बोलणं मी इथे सरळ करून लिहिलंय. पट्टीआडून सगळ्यांचंच बोलणं गोधडीतून आल्यासारखं यायचं, तिथे कोण लक्ष देतो? टिल्ली घरी "फाणी दे" म्हणायची तेव्हा सूनबाईला वाटायचं, लाडात आली. वयच होतं ते.

एका दुपारी शाळा सुटायच्या आधी फाटकाशी आम्ही दोघंच होतो. वावशी म्हणाली, "आजोबा, एक बोलू? रागावू नका. सगळे हात जोडतायत, हे संपू दे म्हणून. मी जोडते ते अजून थोडं राहू दे म्हणून. माणसं मरतायत हो. आणि मी अशी." नंतर म्हणाली, "ही पट्टी आहे तोवर वर्ग माझा. ही गेली की बोळ."

मी म्हटलं, "काहीतरीच. पोरं तुम्हाला सोडतील होय?" तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं धावत येऊन तिच्या पायांना लगडली.

आणि आला की तो दिवस. वरून हुकूम, पट्ट्या काढा. मोठ्यांनी काढून फेकल्या. पोरं काढेनात! टिल्लीने शाळेच्या दारात तोंडावर हात घेतला. "आजोबा, नागडं वाटतंय." एक पोरगा शर्टाची कॉलर दातात धरून आत गेला. आठ-पंधरा दिवस असे गेले. मग एकेक हात खाली आला, आणि पोरं एकमेकांचे दात, ओठ, मिशा आल्यासारखे दुधाचे डाग बघून खिदळायला लागली. वावशीची पट्टी मात्र राहिली. "खोकला आहे," म्हणायची. मोठ्या बाईही काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर पालकांना बोलावलं. मुलं काय काय शिकली ते दाखवायचं होतं. आम्ही लहान लहान खुर्च्यांत गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. नव्या बाईंनी खूण केली आणि वर्गाने एका सुरात सुरू केलं. गाणं होतं, 'पिवळा पक्षी पानात बसला, बाळाकडे बघून खुदकन हसला.' आणि आलं काय, तर,

"फिवळा फक्षी फानात वसला, वाळाकडे वघून खुदकन हसला!"

आधी हशा पिकला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग हसू एकेकाच्या तोंडावर वाळत गेलं. सगळी नव्हे, पण निम्म्याहून जास्त पोरं तशीच बोलत होती, आणि ओठ न मिटता. वाघवाल्याचे वडील उठले. "एखाद्याचं समजू शकतो. सगळ्यांना एकदम कसं झालं हे?"

मोठ्या बाईंनी पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं, "बाळ, हे असं म्हणायला कुणी शिकवलं?"

"वावशीने," सगळी पोरं मोठ्या आनंदाने ओरडली. शाबासकी मिळणार अशा थाटात.

वावशी मागे दाराशी उभी होती. सगळ्या खुर्च्या करकरत वळल्या.

"मावशी," मोठ्या बाई म्हणाल्या, आवाज अगदी मऊ ठेवून, "जरा पट्टी काढता का? पालकांना कळू दे, काय आहे ते."

"खोकला..." वावशी म्हणाली.

"एक मिनिटभर."

तिने आधी एका कानाचं रबर काढलं, मग दुसऱ्या. पट्टी हातात घडी करून धरली. इतक्या वर्षांत ते तोंड आणखीच उतरलं होतं. कोपऱ्यातून ओल आलेली ती तिने पदराने टिपली. कुणी किंचाळलं नाही. पोरं नुसती बघत राहिली. कुठे बघायचं ते न कळल्यासारखी. आणि त्या शांततेत आमची टिल्ली, जिचा आवाज मुळात घंटेसारखा, ती म्हणाली,

"ही वावशी नाहीये."

वाघवाल्या पोराने मान डोलावली. "नाहीच आहे. वावशी कुठाय?"

वावशीने घाईघाईने पट्टी परत लावली. पट्टीवरचे डोळे दिसले तसा टिल्लीचा चेहरा उलगडला, ती "वावशी!" म्हणत पळत सुटली. पण सूनबाईने तिला कमरेला धरून मांडीवर ओढलं.

कामावरून काढलं नाही तिला. मोठ्या बाई तशा वाईट नव्हत्या. बोळ रिकामाच होता.

आता पोरांची जीभ वळवायची होती. ज्याने त्याने आपापल्या घरी. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते मोठ्या हौसेने केलं. इतक्या वर्षांनी गुरुजी माझ्या कामी आले. आरशासमोर टिल्लीला स्टुलावर बसवायचं, तळहात धरायचा. "ओठाला ओठ लाव. आता सोड. प!" हातावर फटका बसला की ती टाळ्या पिटायची. आधी पान सुटलं, मग पाणी, मग बाबा. म सगळ्यात हट्टी. तो आला त्या दिवशी सूनबाईने सगळ्या नातलगांना फोन केले आणि टिल्लीने आल्यागेल्याला "मामा, मामी, मावशी" ऐकवलं. परीक्षा पास झाल्यासारखी तिची मान ताठ.

त्यानंतर एकदा तिला आणायला गेलो तर तिला तहान लागलेली. बोळाच्या तोंडाशी नळ आहे. तिथे वावशी फरशी पुसत होती, पट्टी लावून. साऱ्या शाळेत आता ती एकटीच. टिल्ली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने ओठ घट्ट मिटले, उघडले.

"मावशी."

फडका थांबला. वावशी उकिडवी बसली, तिच्या तोंडाकडे बघत.

"अगं व्वा. आणखी काय येतं?"

"पाणी. पान. बाळ. बाबा. पिवळा पक्षी पानात बसला."

"शाव्वास गं."

टिल्लीने लगेच मान हलवली. "शाव्वास नाही, शाब्बास. असं. ओठाला ओठ लाव." आणि आपला चिमुकला तळहात वावशीच्या पट्टीसमोर धरला. "म्हण. हातावर फटका लागला पाहिजे."

मी पुढे झालो, पण वावशीने मला नजरेनेच थांबवलं. पट्टीचं कापड आत ओढलं गेलं, उजवीकडे ताणलं, डावीकडे तसंच लोंबत राहिलं. तिने पट्टीवरूनच डाव्या गालाला बोटाने वर रेटलं.

"शाव्..."

"नाही आलं," टिल्ली म्हणाली. "रोज आरशासमोर बसायचं. मग येतं. मला आजोबांनी शिकवलं."

वावशीने माझ्याकडे पाहिलं. मग टिल्लीचा हात हलकेच खाली केला आणि म्हणाली, "जा टिल्ली, घरी जा."

त्यानंतर फाटकाशी, बोळाशी गाठ पडली की मी दोन शब्द बोलतोच, माझी सवय. तिची उत्तरं आता आखूड येतात. हो. नाही. आहे ठीक. येते. घरी आल्यावर एकदा सहज आरशासमोर ती उत्तरं म्हणून पाहिली. एकालाही ओठ मिटावे लागत नाहीत.