ठिपके पडलेली रोपं

रोगट रोप दिसलं की दुपारच्या नमाजाआधी उपटून जाळायचं, हा सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या आमच्या वाडीचा नेम. पोनियाहने तो कधी मोडला नव्हता.

दोन वर्षांमागे तिच्या मिरचीची पानं कबरी होऊन आकसली आणि सगळं शेत गेलं. एकच झाड हिरवंगार उभं राहिलं. त्याचं बी तिने राखेत घालून बाटलीत जपलं आणि यंदा सगळंच पेरलं. पाच ओळी उगवल्या. बाटली रिकामी.

त्या सकाळी खालच्या पानांवर करपल्यासारखे ठिपके दिसले. काही पानं गळून पडली होती.

"कांग, लवकर या हो!"

नवऱ्याला ती कांगच म्हणायची. सुकार्दी तंबाखू वळतच आला. "गेलं. उपट आता."

"बाटलीत एक बी नाही उरलं."

"रोग काय बाटलीत डोकावून येतो?"

कुंपणापलीकडून शेजारीण लास्मी म्हणाली, "माझी रोपं बघ कशी गुळगुळीत! तू मात्र त्या झाडाला लेकीसारखं मिरवलंस."

बिस्मिल्ला म्हणत पोनियाहने तीन ओळी उपटल्या. चौथ्या ओळीशी ती थबकली. चार दिवसांमागे सुकार्दीने रोपं काठीला बांधताना जी पानं धरली होती, ठिपके फक्त त्यांच्यावरच होते. शेंडे स्वच्छ! ती धावत शेतीखात्याच्या वेनिंगला घेऊन आली.

"मावशी, थांबा! तो जुनाच रोग तंबाखूत राहतो, काकांच्या हातांनी इथे आला. ज्या पानाला शिवला, ते पान झाडानेच जाळून टाकलं, म्हणजे रोगाला पुढे वाट नाही. ही ताकद त्या एका झाडाकडून बियात उतरलीय."

"लास्मीचीही यांनीच बांधलीत. तिची तर गुळगुळीत आहेत."

"तिच्या रोपांना अजून कळलंच नाही, काय शिरलंय ते. पण जपा हं, ऊन फार तापलं की ही ताकद ढिली पडते."

तेवढ्यात परसातून धूर आला. नेमाप्रमाणे सुकार्दीने ढीग पेटवला होता. तिन्ही ओळी गेल्या.

पंधरा दिवसांत लास्मीची मिरची कबरी झाली. पोनियाहला हसू आलं नाही. आता ती सुकार्दीला साबणाने हात धुतल्याशिवाय बांधावर चढू देत नाही. ऊन चढलं की उरलेल्या दोन ओळींवर झावळ्या धरते, एकेक शेंडा निरखते. नवं पान हिरवं दिसलं की म्हणते, "अल्हम्दुलिल्ला, आजचा दिवस निभावला."