विजयाचा डावा गाल

मी चंद्रहास, औषध संशोधक. माझ्यासारखा शिकलेला गाढव अख्ख्या लखनऊत सापडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको विजया बहिऱ्या मुलांची शिक्षिका. बावीस वर्षं तिच्या ओठांकडे बघूनच पोरं बोलायला शिकली.

मार्चमधल्या एका सोमवारी ती चूळ भरत होती आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. डावा डोळा मिटेना. अर्धांगवायू, असंच वाटलं मला. आमच्या जानकीपुरम भागातल्या डॉक्टरांनी तिला हात वर करायला लावले, भुवया उंचवायला लावल्या. हात तिनं नीट उचलले, पण कपाळावर डावीकडे आठी पडेना.

"मेंदूचा झटका असता तर कपाळ सहसा हललं असतं," डॉक्टर म्हणाले. "ही चेहऱ्याची नस सुजलीय, बहुधा विषाणूमुळे. बहुतेक जण बरे होतात. पण स्टेरॉइड आजच सुरू करा, तीन दिवसांच्या आत. डोळ्यात थेंब घाला, झोपताना पट्टी लावा."

थेंब आणले, पट्टी आणली. गोळ्या मात्र मी कपाटात ठेवल्या. स्टेरॉइडनं उंदरांची काय दशा होते ते बघण्यातच माझी सगळी नोकरी सरली, त्यात विजयाची शुगर काठावर. 'बहुतेक जण बरे होतात' एवढंच मी ऐकलं. आमची लेक संपदा म्हणाली, "पापा, दे दो ना दवा, यार!" मी खेकसलो, "तू डॉक्टर आहेस का?" आणि मी तरी कुठे होतो? विजयाच तिला म्हणाली, "अगं, त्यांना औषधातलं कळतं." तिचा तो भरवसा आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

नवव्या दिवशी ती ओढणीनं गाल झाकून शाळेत गेली. वर्गात ओढणी काढून 'पापा' म्हणाली. कुणालाच कळेना. एक सहा वर्षांची पोर पुढे आली. तिनं मॅमचा पडलेला गाल हातानं वर ढकलला, ओठ जुळवून धरले आणि मगच 'पापा' म्हणाली. घरी येऊन विजया हे सांगताना रडली, तर रडतानाही अर्धाच चेहरा हलत होता.

धावत डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "आता गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. व्यायाम करा, वाट बघा."

आठ महिने झाले वाट बघतोय. शाळेनं तिला ऑफिसात बसवलंय, वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला दिला. रोज सकाळी आरशासमोर मी तिचा गाल उचलून धरतो आणि ती 'पापा, बाबा, मामा' म्हणते. काल म्हणाली, "हात काढा बघू." काढला. गाल तसाच खाली आला.

"हलला ना हो? जरासा?"

आयुष्यात प्रयोगाचा एकही निकाल मी खोटा लिहिला नव्हता. "हलला गं," म्हणालो.

तिनं तिथल्या तिथे प्रिन्सिपल मॅडमना फोन लावला, सोमवारपासून वर्गावर येते म्हणून.