अर्धा किलोची पिशवी

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी एअर पिस्तूल हातात घेतलं. कारण सांगण्यासारखं काही नाही. कामावरच्या एका मुलीबरोबर इच्छापोर रोडवरच्या रेंजवर बघायला गेले, दहा छर्रे मारले आणि पुढच्या रविवारी परत गेले.

पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी वीस वर्षं काम करते. कापडाला शेड बसवायची, रंगाची कृती ग्रॅममध्ये लिहायची, नमुना धुऊन-घासून बघायचा. त्यामुळे नेमबाजीतले नियम मला जाचक वाटले नाहीत. उलट बरे वाटले. पिस्तूल ठरलेल्या मापाच्या पेटीत बसलं पाहिजे. मुठीचं लाकूड मनगटाला टेकता कामा नये. घोट्यावर चढणारे बूट चालत नाहीत. नेमाच्या हातात घड्याळ नाही, बांगडी नाही. आणि ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा हवा. म्हणजे पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला अर्धा किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. वजन टेबलावरून सुटून वर आलं की पास. त्याआधीच ट्रिगर सुटून टक वाजलं की नापास.

ट्रिगर जितका हलका तितका नेम कमी हलतो, म्हणून सगळेच पाचशेच्या जवळ राहायला बघतात. मीही.

वजन विकत आणायच्या ऐवजी मी घरीच केलं. पावसाळा सरताना लॅबच्या काट्यावर ग्लॉबर सॉल्ट बरोबर पाचशे ग्रॅम मोजलं. व्हिस्कोस रंगवताना लागतं ते मीठ, खड्यांचं. पॉपलिनची पिशवी शिवून त्यात भरलं, तोंड शिवलं, वर पट्टीचा फास लावला. शिवलेल्या पिशवीचं वजन पुन्हा केलं आणि पिशवीच्या कापडाइतकं मीठ कमी केलं. एवढी मी काटेकोर. पिशवी गॅलरीच्या खिळ्याला टांगली आणि दर शनिवारी तिच्यावर ट्रिगर तपासू लागले.

नवरा चहा घेत बघायचा. तो अजून अहिराणीच बोलतो. "नेम लावानं सोडीसन वजनंच करी ऱ्हायनी तू," असं म्हणून हसायचा. मी म्हणायचे, "तुम्ही तुमचा चहा प्या."

दर एक-दोन आठवड्यांनी पिशवी आरामात उचलली जायची. मला वाटायचं, ट्रिगर जरा जड झालेला दिसतो. मी स्क्रू पाव फेरा सैल करायचे. त्याच महिन्यांत माझे गुणही वाढत गेले. सहाशेपैकी पाचशे बावीस, मग अठ्ठावीस, मग छत्तीस. सरावाचं फळ, असं मी धरून चालले.

मला राज्य स्पर्धेला जायचं होतं, आणि महिला गटातून. त्यासाठी निवड स्पर्धेत किमान पाचशे तीस गुण लागत होते. आधी दोनदा हुकले होते, एकदा सात गुणांनी, एकदा चार. आमचा प्रशिक्षक पर्वत पाटिया भागातला, माझ्या भाच्याच्या वयाचा. तो दर वेळी सांगायचा, "काकू, पंचेचाळीसच्या वरच्यांचा मास्टर्स गट आहे ना! किमान गुण कमी, बाया इनमिन तीन. पदक घरी आलंच समजा."

"तीन बायांत तिसरी येऊन काय करू? महिला लिही."

निवड स्पर्धा जानेवारीत होती. सकाळी साधनं तपासायच्या टेबलावर एक वयस्क गुजराती गृहस्थ बसले होते. पेटी झाली, बूट झाले, मूठ झाली. मग त्यांनी ट्रिगरला पितळी वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूच वर घेतलं. टक. वजन जागचं हललंसुद्धा नाही.

"फिर से, बेन," ते म्हणाले. दुसऱ्यांदा टक. तिसऱ्यांदाही टक.

"आ नथी चालतुं. बहु हलकुं छे."

"काका, मैंने कल ही चेक किया है. पूरा पाँच सौ."

"किस से?"

मी बॅगेतून पिशवी काढली. त्यांनी हातावर तोलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका हातात पिशवी, दुसऱ्यात पितळी वजन घेतलं तेव्हा मलाही कळलं. मी पिशवीची शिवण दातांनी उसवली. आत खडे नव्हते. पांढरी कोरडी भुकटी होती.

ग्लॉबर सॉल्टच्या खड्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडून जातं आणि मीठ हलकं होतं. हे मला वीस वर्षं माहीत आहे. गोणीचं तोंड उघडं ठेवलं म्हणून मी लॅबमधल्या पोरींना कितीदा झापलं आहे. आणि घरी तेच मीठ मी थंडीभर गॅलरीत टांगलं होतं. पिशवी हलकी होत गेली, तिच्या मागे मी ट्रिगर हलका करत गेले. ते पाचशे छत्तीस गुण कुठून आले होते, तेही कळलं.

प्रशिक्षक धावत आला. "काकू, तुमची तुकडी चाळीस मिनिटांत उभी राहणार. मास्टर्सची दुपारी आहे. नाव तिकडे फिरवतो. दुपारपर्यंत निवांत ट्रिगर बसवा, हाताला सवय करा."

"नको."

"काकू, जड ट्रिगरवर तुम्ही हल्ली एक गोळी मारलेली नाही!"

"मग साठ मारीन. जा, मला लहान चावी आणून दे."

मी काकांना विचारून त्यांचंच वजन घेतलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून स्क्रू आवळत गेले. काठावर ठेवला नाही. पाच वेळा उचललं, पाचही वेळा वजन वर आलं, तरी आणखी थोडा आवळला. पुन्हा टेबलावर गेले. काकांनी उचललं, मान हलवली आणि पिस्तुलावर तपासणीची चिठ्ठी चिकटवली. "हवे अडशो नहीं, बेन." चिठ्ठी लागल्यावर ट्रिगरला हात लावायचा नाही, लावला आणि सापडलं तर बाद.

सरावाच्या पंधरा मिनिटांत माझं बोट दगडावर दाबल्यासारखं झालं. सात, आठ, सात. चावी खिशात होती. अर्धा फेरा सैल केला असता तर कोणाच्या लक्षात आलं नसतं. तरी पाचशेच्या वरच राहिला असता, असंही मनात आलं. पण पाचशेच्या वर आहे याची खात्री मला गेले तीन महिनेही होतीच. मी मागे वळून चावी प्रशिक्षकाच्या हातात दिली. तो काही विचारणार होता, मी पुढे तोंड केलं.

पहिल्या दहा गोळ्यांना ब्याऐंशी. मग मी सवय बदलली. हलक्या ट्रिगरवर मी नेम दिसला की बोट ओढत होते. आता आधी दाब द्यायला सुरुवात करायची आणि नेम लावत राहायचं. सुटेल तेव्हा सुटेल. गोळी चुकली तरी घाई नाही. दुसऱ्या दहांत सत्त्याऐंशी, पुढे नव्वद, नव्वद, एक्याण्णव. शेवटच्या दहाला मी गुणांच्या पडद्याकडे बघणंच बंद केलं. ब्याण्णव पडले. एकूण पाचशे बत्तीस.

टेबल आवरत होते तेवढ्यात नावं सोडतीने निवडून काही खेळाडूंची पुन्हा तपासणी जाहीर झाली. माझ्या लेनचा आकडा निघाला. प्रशिक्षकाने माझी चावी मुठीत घट्ट धरलेली मला दिसली.

काकांनी वजन अडकवलं. पिस्तूल हळू वर गेलं. वजन टेबलावरून सुटलं आणि हवेत लटकलं.

"जाओ बेन, पास."

राज्य स्पर्धेचा अर्ज तिथेच भरला. प्रशिक्षक गटाच्या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे बघत होता. "महिला," मी म्हणाले. "आणि बाजारातून एक पितळी वजन आण. पाचशेचं."

सोमवारी ती पिशवी, सांडलेल्या भुकटीसकट, लॅबच्या काट्यावर ठेवली. तीनशे नव्वद. लॅबच्या दाराशी मिठाची गोणी नेहमीसारखी उघडीच होती. मी स्वतःच सुतळी शोधली आणि तोंड बांधून टाकलं.