दर पाच मिनिटांनी झोपणारा डबा

मंगळवारी सकाळी भिलाईहून अहिवाऱ्याच्या बसमध्ये बसलो तेव्हा मांडीवर लॅपटॉप होता.

मी नववी नापास. यवतमाळकडून छत्तीसगडात भिलाईला आलो ते खांबावर चढून वायरलेस रेडिओ बांधायला... वायर न टाकता नेट पोचवणारे डबे. त्यांच्या आत चालणारी लिनक्स सिस्टीम बघून बघून शिकलो. इथल्या रिसालीच्या ऑफिसात सगळं हिंदीत. मनातलं बोलावं असं कोणीच नाही... खोलीवरही नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी पहिल्यांदाच माझा कोड डब्यात टाकू दिला. रेडिओने समोरच्या डब्याला हाक मारायची, उत्तर नाही आलं तर स्वतः रिस्टार्ट व्हायचं, एवढंच. फसलं तर कायमचं परत खांबावर, असं ते बोललेही होते.

आणि आता अहिवाऱ्याच्या खदानीत त्याच डब्यावर चालणारं वजनकाट्याचं नेट दर पाच मिनिटांनी जात होतं. ट्रकांची ही लांब रांग.

काट्याच्या खोलीत लॅपटॉप जोडला, डब्याच्या नोंदींचा लॉग उघडला आणि तोंडातून निघूनच गेलं, "अबे, हे का करून ठेवलं मी!"

काट्यावरचे मेश्राम काका मागेच उभे. "मराठी होय का बे तू? मंग सांग, तुहा डब्बा घडी घडी कावून झोपून राहिला?"

कारण हाक मारायचा पत्ता मी आमच्या टेस्टिंगच्या टेबलावरच्या डब्याचा ठेवला होता. इथे त्या पत्त्यावर कोणीच नाही. बिचारा हाका मारायचा, थकायचा, रिस्टार्ट...

डबा परत सुरू व्हायलाच दोन मिनिटं खायचा, म्हणून दोन रिस्टार्टच्या मधे जेमतेम तीन मिनिटं मिळायची. दुसऱ्या खेपेला पत्ता बदलला. नेट टिकलं.

एक ड्रायव्हर माझ्यावर ओरडतच आत आला. काका म्हणाले, "लाइट का लफड़ा था भाई, लड़के का नहीं." मग हळूच मला, "साहेबाले बी हेच सांगजो."

साहेबांना फोन लावला. लाइटचं वाक्य ओठावर तयार होतं... पण सांगितलं, चूक माझी.

साहेब म्हणाले, "कल कोड का नया बिल्ड बनाओ. टेस्ट मेरे सामने."

"येडाच हायेस तू," काका म्हणाले आणि जेवणाच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्याकडे सरकवली.

या गावात माझ्या बाजूने कोणी खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. काका बोलले... बहुतेक म्हणूनच मला खरं बोलता आलं. थँक्यू काका.