सणासुदीचा खोकला

आम्हा आशा सेविकांच्या पिशवीत रजिस्टर असतं, थर्मामीटर असतो, गोळ्या असतात. आणि तळाशी किस्से! ते कुठल्याच फॉर्ममध्ये भरायचे नसतात, म्हणून नुसते साठत जातात. त्यातून उन्हाळ्याच्या तोंडाशी तर महाशिवरात्र, महिला दिन, होळी, टीबी दिन, पाडवा, सगळं एकावर एक. प्रत्येक दिवसाचा फोटो ग्रुपवर गेलाच पाहिजे. मार्च लागला की आम्ही आधी मोबाईल चार्जिंगला लावतो.

आम्ही म्हणजे तिघी. मी उल्हासनगरची, कुसुमताई अंबरनाथच्या, रेखा बदलापूरची. ट्रेनिंगला एका बाकावर बसलो, तेव्हापासून मैत्री.

त्याच ट्रेनिंगला डॉक्टर मॅडमनी सांगितलं, टीबी दिन चोवीस मार्चलाच का. त्या दिवशी एका जर्मन डॉक्टरने जाहीर केलं होतं, की टीबीचा जंतू सापडला.

"किती वर्षं झाली, मॅडम?" कुसुमताईंनी विचारलं.

"शंभराच्या वर गेली."

"एवढ्या वर्षांपूर्वी सापडला, तर मग अजून मोकाट कसा फिरतोय?"

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच विचारायला मला वरून रोज फोन येतो!"

*

महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत कुसुमताईंचा खोकला तपासणीचा स्टॉल होता. एक आजी आल्या. पंधरा दिवस खोकला. कुसुमताईंनी थुंकी तपासायची डबी हातात दिली आणि सांगितलं, "सकाळी उठल्या उठल्या यात थुंका आणि आणून द्या." तेवढ्यात मागून "हर हर महादेव" झालं. आजींना फक्त "सकाळी उठल्या उठल्या" ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी डबी परत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुसुमताईंचा जीव वरखाली. पत्ता शोधत घरी गेल्या, तर आजींनी रिकामी डबी पुढे केली.

"देवळातून डबीत भरून आणलेलं तीर्थ रोज सकाळी घेतलं, संपलं बाई. पण खोकला आहे तसाच!"

*

रेखाकडे सोनिवलीचे नवे टॉवर. टीबी दिनाला बॅनर घेऊन गेटवर गेली, तर वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "टीबीवाल्या मॅडम आल्यात." पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, 'बी विंगमध्ये टीबी निघाला'! सेक्रेटरी धावत खाली. "मॅडम, प्लीज, बॅनर उघडू नका. फ्लॅट विकायला काढलेत लोकांनी."

रेखा रडकुंडीला आली. फोटो नाही म्हणजे काम नाही. मग तिला आठवलं, पिशवीत महिला दिनाचाही बॅनर आहे. तो उघडल्याबरोबर पंचवीस बायका खाली आल्या, सेल्फी काढल्या. रेखाने हळूच विचारलं, "कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?"

सगळ्या वर पळाल्या. लिफ्ट एका फेरीत भरली!

*

होळीला बोंब का मारतात? रेखाची सासू सांगते, पोरांना आजारी पाडणारी ढुंढा राक्षसीण त्या आवाजाने पळते. रेखा त्या संध्याकाळी गावातल्या होळीजवळ कान लावून उभी. सगळे बोंबलत होते. एका काकांची बोंब मात्र अर्ध्यातच तुटायची आणि खोकला सुरू व्हायचा.

"काका, उद्या तपासणीला येता का?"

"मना काय झाला नाय! सणाच्या दिवशी अपशकून करतेस?"

रेखा चार दिवस त्या घरावरून जायला घाबरली. पाचव्या दिवशी काका स्वतः आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसलेले दिसले.

"राक्षसीण गेली नाय वाटतं," ते म्हणाले.

*

आता माझा. माझ्या भागातली मनीषा, लग्नाला जेमतेम वर्ष. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण घरात फक्त नवऱ्याला माहीत. सासूला कळलं तर माहेरी धाडतील, ही धास्ती. मी दर आठवड्याला "रक्त वाढायच्या गोळ्या" म्हणून द्यायला जायची. पण घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी होती, आणि सासूला सांगायचं कसं? माझी झोप उडाली होती.

पाडव्याच्या सकाळी ठरवलं, आज मनीषाकडून वदवून घ्यायचंच. गेले. समोरच्या सिंधी काकूंकडे चेटीचंड सणाच्या गोड भाताचा वास. इकडे सासूबाई गुढीची काठी पुसत होत्या. त्यांनी माळ्यावरून तांब्याचा लोटा काढला, चिंच लावायला उलटा केला, आणि आतून विटकरी गोळ्यांची पट्टी फरशीवर पडली. तिच्यामागून दुसरी. तिसरी.

वर्षातून एकदाच निघणारा लोटा! मनीषाने लपवायला तोच निवडला होता, आणि पाडवा कधी येऊन ठेपला ते बिचारीला कळलंच नव्हतं.

मनीषा भिंतीला टेकली. तिच्या हातातला कडुलिंबाचा पाला खाली सांडला. नवरा माझ्याकडे बघेना. 

सासूबाई खाली वाकल्या. एक पट्टी उचलली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. मग तिन्ही पट्ट्या पदराने पुसून मनीषाच्या हातात ठेवल्या.

"लोट्यात ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "ओल लागते. माझ्या गोळ्या मी डाळीच्या डब्यात ठेवायचे."